चार नंबरचं घर: जुन्या चर्चमध्ये दोन पावसाळे

घराचा ताबा मिळाला त्याच दिवशी ठरवलं होतं, दोन पावसाळे काढल्याशिवाय या घराबद्दल एक ओळ लिहायची नाही. बेळगावात लोक घर बघायला मार्च-एप्रिलमध्ये जातात. तेव्हा सगळंच कोरडं असतं, रंग ताजा असतो, आणि दाखवणारा माणूस खिडकी उघडून वारा किती छान येतो ते सांगतो. जुलैत त्याच खिडकीतून काय येतं, ते राहिल्यावर कळतं. आता दुसरा पावसाळा सरला, दिवाळीपर्यंत भिंती वाळल्या, म्हणून लिहायला बसले आहे.

जागा टिळकवाडीपासून फार लांब नाही. जुनं मिशन कंपाउंड, ३८ गुंठ्यांचं, मधोमध छोटं चर्च आणि मागे पाळकांचा, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूंचा, पडका बंगला. बेळगावकरांना एवढ्यावर ओळखता येईल. बिल्डरचं नाव मी लिहीत नाही, कारण एक नंबरच्या घराच्या दुरुस्तीवरून त्यांच्याशी बोलणं अजून चालू आहे. मंडळीच्या, म्हणजे इथे उपासनेला येणाऱ्या ख्रिस्ती लोकांतल्या, म्हाताऱ्या माणसांना उगाच फोन जाऊ नयेत, हेही आहेच.

एकूण चौदा घरं. दहा नवी रो-हाऊस कंपाउंडच्या कडेने, बंगला पाडून केलेली. चार घरं खुद्द चर्चच्या दालनात. मी, मुलगा, सून आणि दोन नातवंडं या चारांतल्या शेवटच्या, पूर्वेकडच्या घरात राहतो. कार्पेट एरिया ८१० चौरस फूट, किंमत ५९ लाख. त्याच पैशांत रो-हाऊस मिळत होतं, शंभर फूट मोठं आणि दारात गाडी लावता येईल असं. मुलाचा कल तिकडेच होता. हट्ट माझा होता, आणि त्याचं कारण सांगितल्याशिवाय हे लिहिणं प्रामाणिक होणार नाही.

माझे वडील गवंडी. शहापूरला आमचं घर, आणि बेळगावात चुन्याचं काम येणारे जे थोडे लोक उरले होते त्यांतले ते एक. मी चौथीत असताना त्यांनी या चर्चच्या दक्षिण भिंतीचं आणि छपराचं काम केलं होतं. शाळा सुटली की त्यांचा डबा घेऊन मी यायची. पाळकांच्या घरामागे खड्ड्यात चुना भिजत पडलेला असायचा. महिनाभर भिजवायचे, वर चार बोटं पाणी, आणि मला बजावलेलं, जवळ जायचं नाही. गिलाव्याच्या पाण्यात हिरडा आणि गूळ घालायचे. तो वास अजून आठवतो, थोडा ताडीसारखा, थोडा पावसात भिजलेल्या मातीसारखा. आत जायला मला संकोच वाटायचा, म्हणून मी दारात उभी राहून बघायची. समोर टोकदार कमानीची उंच खिडकी, आणि तिच्यातून उजेडाचा पट्टा थेट दारापर्यंत आलेला. आज त्याच खिडकीखाली माझी नात गणितं सोडवते.

बेळगावचा किल्ला इंग्रजांनी १८१८ मध्ये घेतला आणि लगेच १८२० साली लंडन मिशनरी सोसायटीचं काम इथे सुरू झालं. १९०४ मध्ये ते मेथडिस्ट मिशनकडे गेलं. बेननस्मिथ हायस्कूल त्याच कामातून उभं राहिलं, आणि तिथे शिकलेली मराठी माणसं आपल्या प्रत्येकाच्या घरात एखादं तरी सापडेल. कॅम्पातलं, म्हणजे लष्करी छावणीतलं, सेंट मेरीज चर्च १८६९ सालचं, गॉथिक पद्धतीचं, बघत राहावं असं. आमचं तसं नव्हे. चिऱ्याच्या, म्हणजे जांभ्या दगडाच्या, दोन फुटी भिंती, छपर तोलणाऱ्या सागवानी कैच्या, वर मंगळुरी कौलं. मराठी मंडळीचं साधं देऊळ. हो, इथले जुने ख्रिस्ती लोक चर्चला देऊळच म्हणतात. पेटी-तबल्यावर भजनं व्हायची. मग मुलं पुण्याला, गोव्याला, मुंबईला गेली, रविवारी दहा-बारा माणसं उरली, आणि ती दुसऱ्या मंडळीत सामील झाली. शेवटची उपासना झाल्यावर अकरा वर्षं कुलूप होतं. भिंतीत पिंपळ उगवला होता.

किल्ल्यातल्या १२०४ सालच्या कमल बस्तीला पुरातत्त्व खातं सांभाळतं. असल्या लहान प्रार्थनामंदिरांना तसं कुणी नाही. या जागेचा पहिला प्लॅन सगळं पाडून पाच मजली अपार्टमेंटचा होता. तो बदलला मंडळीच्या आग्रहामुळे. त्यांनी जागा देताना अटी घातल्या: बाहेरच्या भिंती आणि खिडक्यांच्या कमानी तशाच राहतील, कबरी हलवायच्या नाहीत, वेदीच्या जागी संडास-मोरी किंवा स्वयंपाकघर येणार नाही, आणि आवारात दारूचा धंदा चालणार नाही. या अटींमुळे भाव कमी येणार हे त्यांना माहीत होतं. तरी घातल्या. या सगळ्या प्रकल्पात जे चांगलं आहे त्याचं मूळ मला या चार अटींत दिसतं.

आता घराकडे येते.

चर्चचं मुख्य दालन ६८ फूट लांब, २६ फूट रुंद, आढ्यापर्यंतची उंची २४ फूट. त्याचे चार तुकडे केले, प्रत्येकी सतरा फुटांचे. प्रत्येक घरात खाली बैठक, स्वयंपाकघर, एक खोली. वर माळ्यासारखा मजला, त्यावर दोन खोल्या. हा वरचा मजला लोखंडी खांबांवर स्वतंत्र उभा केला आहे, जुन्या भिंतीवर त्याचा भार नाही. हे काम उत्तम. भिंतीत तुळया घुसवल्या असत्या तर चिरा तडकला असता. शिवाय उद्या कुणाला मजला काढायचा झाला तर नटबोल्ट सोडून काढता येईल, भिंतीला खरचटणारही नाही.

पण उंच इमारतीत मजला घातला की खिडक्यांचं काय करायचं, हा खरा पेच. विलायतेत रिकाम्या चर्चची घरं करतात तिथेही हाच प्रश्न येतो, कारण खिडकी दहा-बारा फूट उंच आणि मजला बरोबर तिच्या पोटात येतो. आमच्या घरात मजला खिडकीपासून साडेतीन फूट आत थांबवला आहे आणि तिथे कठडा लावला आहे. त्यामुळे खिडकी खालपासून टोकापर्यंत अखंड दिसते, वरच्या खोलीला उजेड मिळतो आणि खालीही तोच उतरतो. दोन आणि तीन नंबरमध्ये ही जागा वाचवायला मजला खिडकीला भिडवला. तिथे वरच्या खोलीत कमानीचं टोक गुडघ्यापासून सुरू होतं आणि खालच्या खोलीत दुपारी तीनला दिवा लावावा लागतो. तीन नंबरच्या वहिनी दर वेळी आमच्याकडे आल्या की आधी वर बघतात. पंचेचाळीस चौरस फूट जास्त मिळाले म्हणून त्यांनी ते घर घेतलं होतं, आता पस्तावतात. असं घर कुठेही बघायला गेलात तर आधी हे बघा: मजला खिडकीला कुठे भेटतो.

वेदीची जागा आमच्या वाट्याला आली. पूर्वेच्या टोकाला अर्धगोल कोनाडा, जमिनीपासून दोन पायऱ्या वर, नऊ फूट रुंद. वेदी आणि बाप्तिस्म्याचं दगडी पात्र मंडळीने आधीच त्यांच्या आताच्या चर्चमध्ये नेलं आहे. मोकळ्या जागेत काय ठेवायचं यावर आमच्या घरात महिनाभर चर्चा झाली. नणंदेचं म्हणणं देवघर तिथेच करा, पूर्व आहे. मला मन होईना. नव्या रो-हाऊसपैकी एक या मंडळीच्याच एका मावशींनी घेतलं आहे. वय ऐंशीच्या पुढे, त्यांचं लग्न याच दालनात झालेलं. मी सरळ त्यांनाच विचारलं. त्या आत आल्या, पायऱ्यांपाशी थोडा वेळ उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "काय पण ठेवा बाई, तुमचं घर हाय. चपला तेवढ्या या पायरीवर काढू नका." आम्ही तिथे मुलांचं अभ्यासाचं टेबल आणि पुस्तकांचं कपाट ठेवलं. देवघर बैठकीच्या कोपऱ्यात. चपलांचा स्टँड बाहेर. मावशी आता संध्याकाळी येऊन पायरीवर बसतात आणि नातवाचं पाठांतर घेतात.

छपराबद्दल थोडं जास्त लिहिते, कारण इथे बिल्डरने आधी चूक केली आणि मग ऐकलं. जुन्या कौलांपैकी जवळजवळ एक तृतीयांश फुटली होती. बाझल मिशनने १८६५ मध्ये मंगळूरला कौलांचा कारखाना काढला, तेव्हापासून आपल्याकडे ही खाचेची कौलं आली. खाच असते म्हणून एक कौल दुसऱ्यात बसतं आणि पाणी आत येत नाही. पण प्रत्येक कारखान्याची खाच थोडी वेगळी. सुपरवायझरने खानापूरची नवी कौलं आणली आणि फुटक्यांच्या जागी एकेक घालायला सुरुवात केली. नवं कौल वाईट नव्हतं, खानापूरची माती चांगलीच आहे. पण जुन्याच्या शेजारी ते बसेना, बोटभर वर उचललेलं राहायचं. मी तेव्हा रोज साइटवर जायची. वडील अशा वेळी काय करायचे ते मला ठाऊक होतं. सगळी चांगली जुनी कौलं काढायची, धुवायची आणि एकाच पाख्यावर, म्हणजे छपराच्या एकाच उतारावर, घालायची. दुसरं पाखं पूर्ण नवं. सुपरवायझर तरुण मुलगा होता, ऐकून घेणारा. त्याने इंजिनियरला विचारलं आणि तसं केलं. आज दक्षिणेचं पाखं काळपट, उत्तरेचं लाल. लांबून जरा विचित्र दिसतं. दोन पावसाळ्यांत एक थेंब गळला नाही.

कैच्यांची टोकं, जी भिंतीत गेलेली असतात, ती तीन ठिकाणी कुजली होती. तेवढा भाग कापून नव्या सागवानाचा तुकडा जोडला आणि दोन्ही बाजूंनी लोखंडी पट्ट्या आवळल्या. पूर्ण कैची बदलायचा खर्च वाचला आणि जुनं लाकूड राहिलं. या कामाला पूर्ण मार्क. ते करणारा सुतार हल्याळचा होता, तासताना हात असा चालायचा की बघत राहावं.

कैच्या झाकून खाली पीओपीचं सिलिंग करायचं बिल्डरच्या मूळ नकाशात होतं. घर घेतलेल्या आम्ही तिघांनी मिळून ते नाकारलं. त्याऐवजी कौलांखाली फळ्या मारल्या आणि आढ्यापाशी हवा जायला फट ठेवली. एप्रिलमध्ये वरच्या खोल्या रात्री आठपर्यंत तापलेल्या असतात, हे मात्र खरं. खाली भर दुपारी पंखा दोनवर पुरतो.

एक गोष्ट मात्र सगळ्यांच्याच नजरेतून सुटली होती. दोन घरांमधल्या भिंती आधी कैचीच्या खालच्या दांड्यापर्यंतच बांधल्या होत्या, वरची मोकळी जागा चारही घरांना सामाईक. राहायला आलो त्या आठवड्यात तीन नंबरमधली फोडणी आमच्या माळ्यावर यायची आणि तिथल्या बाळाचं रडणं आमच्या उशाशी. मुलगा फायर सेफ्टीचं काम करणाऱ्या मित्राला घेऊन आला. तो म्हणाला, वास आणि आवाज सोडा, एका घरात आग लागली तर वरून चारही घरांत पोचेल. लेखी तक्रार दिल्यावर बिल्डरने हलक्या ब्लॉकच्या भिंती कौलांपर्यंत नेल्या. हे करायला त्यांनी खळखळ केली नाही, त्याचं श्रेय देते.

आता गिलावा. माझी सगळ्यात मोठी तक्रार हीच आहे.

आम्हाला दाखवलेल्या कागदावर आतून "लाइम फिनिश", म्हणजे चुन्याचा गिलावा, असं लिहिलं होतं. प्रत्यक्षात भिंतींना सिमेंटचा गिलावा, त्यावर पुट्टी, त्यावर इमल्शन. मार्चमध्ये ते सुंदर दिसत होतं. पहिल्या वर्षी जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात दक्षिण भिंतीला जमिनीपासून तीन फुटांवर फुगे आले. ऑगस्टमध्ये पोपडे सुटले आणि खाली पांढरी पूड पडायला लागली. बिल्डरचा माणूस आला, खरवडलं, वॉटरप्रूफ केमिकल लावलं, रंग दिला. पंधरा दिवसांनी ओल चार फुटांवर.

ज्यांना हे का होतं ते माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगते. चिरा हा भोकाभोकांचा दगड, पाणी पितो. जुन्या भिंतींच्या पायात ओल अडवणारा थर नसतो, त्यामुळे जमिनीतलं पाणी भिंतीत चढणारच. चुन्याचा गिलावा ते पाणी धरून ठेवत नाही; ओल फूट-दीड फूट चढते आणि तिथूनच हवेत उडून जाते. सिमेंट आणि प्लास्टिकच्या रंगाने भिंतीचं तोंड बंद केलं की पाण्याला बाहेर पडायला वाट नाही, मग ते वर वर चढत जातं. पाण्याबरोबर क्षार येतात, ते रंगाखाली साठतात आणि रंग फोडून बाहेर पडतात. जितकं जास्त केमिकल लावाल तितकी ओल उंच जाईल. शंभर वर्षांहून जुन्या भिंतीचा हा साधा स्वभाव, आणि ती विकत घेऊन घरं करणाऱ्यांनी तो शिकून घ्यायला हवा होता. या गोष्टीचा मला मनापासून राग आहे, कारण वडिलांनी लावलेला चुना त्याच भिंतीवर पन्नास वर्षं टिकला होता आणि तो खरवडून यांनी सिमेंट लावलं.

इथे रेरा, म्हणजे बिल्डरांच्या प्रकल्पांवर नियंत्रण ठेवणारा कायदा, उपयोगी पडला. २०१६ च्या या कायद्यात आठपेक्षा जास्त घरं आणि पाचशे चौरस मीटरपेक्षा मोठी जागा असेल तर प्रकल्पाची नोंदणी सक्तीची. आमची चौदा घरं आणि ३८ गुंठे जागा, त्यामुळे नोंदणी होती. कलम १४ प्रमाणे ताबा दिल्यापासून पाच वर्षांत बांधकामातला किंवा कामाच्या दर्जातला दोष दाखवून दिला तर तीस दिवसांत तो फुकट दुरुस्त करून देणं बिल्डरवर बंधनकारक आहे. मी रजिस्टर्ड पोस्टाने पत्र पाठवलं, सोबत त्यांचाच "लाइम फिनिश" लिहिलेला कागद आणि तारखा टाकून काढलेले फोटो. तोंडी बोलण्यात तीन महिने गेले होते, पत्र गेल्यावर आठव्या दिवशी फोन आला. खर्च त्यांनी दिला, मिस्त्री मी निवडला.

मिस्त्री खानापूर तालुक्यातला, वडिलांच्या हाताखाली काम केलेल्या माणसाचा मुलगा. बागलकोटकडून चुनकळी, म्हणजे न विरवलेला चुना, आणली, मागच्या अंगणात टाकी करून भिजवली. भिंतीवरचं सिमेंट छिन्नीने काढताना तो मला म्हणाला, "शिमिट लावलं की पाणी वर चढतंय बघा बाई. भिताडाला उघडं ठेवा दोन महिने, मग बघू." खरंच दोन महिने काही लावू दिलं नाही. त्या काळात घर म्हणजे धुळीचं कोठार झालं होतं, सुनेने ते न कुरकुरता सोसलं. मग तीन हात चुना, शेवटचा निवळीचा. या पावसाळ्यात त्या भिंतीवर ओलीचा डाग फूटभर आला आणि ऑक्टोबरच्या उन्हात आपोआप गेला. पोपडा एकही नाही. नात तिथे गाल टेकवते आणि म्हणते गार लागतं.

एक नंबरच्या घराला हाच त्रास याच्या दुप्पट आहे. ते पश्चिमेच्या टोकाला, आणि आपल्याकडे पाऊस नैऋत्येकडून झोडपतो. जुन्या लोकांनी तिथे दारापुढे कौलारू पडवी ठेवली होती, ती पावसाचा मारा अडवायची. गाड्यांना वळायला जागा हवी म्हणून ती पाडली. पडवी पाडल्यावर भिंतीवर सरळ पाणी. ते घर अजून विकलं गेलेलं नाही आणि बिल्डर तिथे पडवी परत बांधायला तयार नाही. आमचं बोलणं चालू आहे ते यावरच.

कागदपत्रांत आमचे सहा महिने गेले. कॅम्पात अशी जागा घेता आली नसती. तिथल्या बऱ्याच जुन्या बंगल्यांची जमीन ओल्ड ग्रँटवर, म्हणजे मालकी सरकारची. इथे जमीन ट्रस्टची होती, त्यामुळे विकायला ट्रस्टचा ठराव आणि परवानगी, तीस वर्षांची ईसी (जागेवर बोजा नसल्याचा दाखला), बुडाचा, म्हणजे नगरविकास प्राधिकरणाचा, मंजूर नकाशा आणि पोटहिस्सा होऊन प्रत्येक घराचा वेगळा खाता (मिळकतीची नोंद), एवढं सगळं बघितलं. ई-खाता हातात येईपर्यंत बँकेने कर्जाचा शेवटचा हप्ता अडवून ठेवला, ते योग्यच होतं. सुरुवातीला बिल्डरच्या ऑफिसातल्या माणसाने बुकिंगला पंचवीस टक्के मागितले. नोंदणीकृत करारापूर्वी दहा टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही, हे कायद्यात आहे. तेवढं सांगितल्यावर दहावर आला.

मराठी माणसाने इथे एक गोष्ट विसरू नये. जुने सिटी सर्व्हेचे उतारे मराठीत निघाले, कारण १९५६ पर्यंत बेळगाव मुंबई राज्यात होतं, आणि ते मी स्वतः वाचले. पण खरेदीखत कन्नडमध्ये. आमच्या घरात कन्नड नीट वाचता येतं ते फक्त सुनेला. ती निपाणीची, शाळेत शिकलेली. सही करण्याच्या आदल्या रात्री तिने खत मोठ्याने वाचून एकेक वाक्य मराठीत सांगितलं. त्यात कबरींकडे जाणारी वाट सहा फुटांची लिहिली होती. करारात ती दहा फुटांची होती. कुणाच्या लक्षातही आलं नसतं. दुसऱ्या दिवशी सब-रजिस्ट्रार ऑफिसला जाण्याऐवजी वकिलांकडे गेलो, दुरुस्ती करून घेतली आणि पुढच्या आठवड्यात सह्या केल्या. तुमच्या घरात वाचणारं कुणी नसेल तर पैसे देऊन खत मराठीत करून घ्या. पंचेचाळीस लाखांच्या वरच्या घराला पाच टक्के स्टॅम्प ड्युटी आणि त्यावर सेस-सरचार्ज भरतो आपण. त्यापुढे भाषांतराचा खर्च काहीच नाही.

कबरी आहेत, हे ऐकून काही लोक बघायला येऊन परत गेले. सात कबरी आहेत, उत्तरेच्या कोपऱ्यात, चिंचेखाली. एक दोन वर्षांच्या बाळाची आहे, मराठीत कोरलेली, अक्षरं झिजलेली. भोवती बुटकी भिंत आणि छोटं फाटक. नोव्हेंबरच्या सुरुवातीला आणि ईस्टरला घरची माणसं मेणबत्त्या घेऊन येतात, आम्ही आदल्या दिवशी पालापाचोळा काढून ठेवतो. मुलं तिकडे खेळत नाहीत, त्यांना कुणी दटावलेलं नाही. मला तिथे कधी भीती वाटली नाही.

विहीर हा या जागेचा खरा ठेवा. चिऱ्याने बांधलेली, चाळीस फूट खोल. अकरा वर्षांचा गाळ काढायला सतरा दिवस लागले. छपराचं सगळं पाणी पन्हळीतून गाळणीच्या खड्ड्यात आणि तिथून विहिरीत सोडलं आहे. नातवाबरोबर बसून मी हिशेब केला: छपराचं क्षेत्र १६५ चौरस मीटर, बेळगावात वर्षाला सरासरी तेराशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस, म्हणजे दोन लाख लिटरहून जास्त पाणी; वाया जाणारं सोडलं तरी दीड लाखाच्या पुढे. राकसकोप आणि हिडकलच्या नळाचं पाणी पिण्याला आणि स्वयंपाकाला, बाकी सगळं विहिरीचं. मे महिन्यात आजूबाजूच्या अपार्टमेंटना टँकर येत होते, आमच्याकडे एकही आला नाही. १९२४ च्या काँग्रेस अधिवेशनासाठी टिळकवाडीत खोदलेली काँग्रेस विहीर आजही उपयोगाची आहे, तेव्हा बेळगावात विहिरी बुजवून पार्किंग करणाऱ्यांना काय म्हणावं.

बाकी थोडक्यात. स्वयंपाकघर लहान, ओटा सात फुटांचा, पण पुरतो. जिना उभा आहे, माझ्या गुडघ्यांना जड जातो, म्हणून मी खालच्या खोलीत झोपते. पार्किंग घरामागे एक गाडी, पाहुण्यांची रस्त्यावर. मोबाइलला जाड भिंतींमुळे आत रेंज कमी. दालनाच्या उंचीमुळे आवाज घुमतो. जाड पडदे आणि सतरंज्या घातल्यावर बराच कमी झाला. घंटा मंडळीने नेली, तिच्या दोराचं भोक एक नंबरच्या छतात अजून आहे.

ज्यांना मोठी बैठक, दोन गाड्या आणि कमी देखभाल हवी त्यांनी नवी रो-हाऊस बघावीत. तीही बरी बांधली आहेत, नेहमीसारखी. चर्चमधलं घर ज्यांना दरवर्षी भिंतीला चुना लावायचा कंटाळा नाही त्यांच्यासाठी. मी पाचपैकी चार देते. कापलेला एक गुण सिमेंटचा आणि पाडलेल्या पडवीचा.

एक नंबर अजून विकायचं आहे, आणि पडवी परत बांधून दिली तर चौघांत सगळ्यात सुंदर घर तेच ठरेल. संध्याकाळचं ऊन तिथल्या गोल खिडकीतून येतं. बघायला येणार असाल तर जुलैत या, दुपारी चारच्या सुमाराला, पाऊस चालू असताना. पश्चिम भिंतीला आतून हात लावून बघा. पडवीची आणि चुन्याच्या गिलाव्याची अट करारात लिहून घेतल्याशिवाय एक रुपयाही देऊ नका. पडवीला लागणारी जुनी कौलं, एकशे दहा, आम्ही विहिरीच्या मागे रचून ताडपत्रीने झाकून ठेवली आहेत.